डावीकडची ओढ

धक्का तसा काहीच नव्हता. हातात सामान असताना कपाटाचं दार ढोपरानं लोटावं, तेवढाच आवाज झाला. पण तिच्या दोन्ही पायांनी जे सापडलं ते दाबलं, गाडी गचकली आणि बंद पडली. शेजारच्या सीटवर तिचा नवरा पुढे झुकला, पट्ट्यानं त्याला मागे खेचलं, आणि मग दोघंही समोरच्या काचेतून समोर बघत बसून राहिले. जे व्हायचं ते मागे झालं होतं, तरी समोरच. गेटजवळची ती बुटकी भिंत काही आज उगवलेली नव्हती. गेले पाच आठवडे ती तिला टाळूनच गाडी मागे काढत आली होती: आधी तिन्ही आरसे, मग मान वळवून मागची काच, चाक अर्धा फेरा, शेपूट वळायला लागलं की पुन्हा सरळ. ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई म्हणायच्या, "मावशी, मागे जाताना घाई नाही. मागे कुणी आपली वाट बघत बसलेलं नसतं. शेपूट जिकडे न्यायचं तिकडेच हात, आणि नाकाकडेही लक्ष. शेपूट एकीकडे गेलं की नाक दुसरीकडे झुकतं." हे सगळं ती मनात घोकतच मागे आली होती. तरी शेपूट भलतीकडेच गेलं. ती उतरून मागे गेली. बंपरवर बोटभर ओरखडा आणि भिंतीचा थोडा गिलावा खाली. "दिवा वाचला हो," ती त्याला ऐकू जाईल असं म्हणाली आणि त्याच्या खिडकीपाशी आली, तर तो अजून त्याच्या बाजूच्या आरशात बघत होता. तिनं वाकून त्याच्या नजरेच्या रेषेत डोळे नेले. आरशात भिंत होती. सबंध आरसा भरून भिंतच होती. म्हणजे त्याला दिसत होतं. पहिल्यापासून दिसत होतं.

तिनं गाडी रस्त्याला लावली. पक्षाघाताचा झटका आल्यापासून याला शब्द सापडत नाहीत हे ती आठ महिने बघत होती; त्यात नवं काही नव्हतं. उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथेच राहायचा. 'हो' आणि 'नाही' यांची त्याच्या तोंडात अदलाबदल व्हायची, आणि ती झालेली त्याला कळायचीही, तेवढ्यानंच त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण ओरडता येतंच ना माणसाला. हात आपटता येतो. डावा हात धडधाकट होता. चहाच्या कपाची बशी नसली तर टेबलावर तो हात असा आपटायचा की शेजारचे विचारायला यायचे. आणि हा कोण, तर उस्ताद. पस्तीस वर्षं शहरातल्या गाड्यांची चाकं सरळ करून देणारा. मान न वळवता, नुसत्या बसल्या जागेवरून, मागच्या खांबाला किती बोटं उरली ते सांगणारा. हा भिंत येताना बघत राहिला आणि गप्प बसला. दुसऱ्या सिग्नलपाशी हिरवा लागला, तिनं पहिला गिअर टाकला, गाडी जेमतेम हलली आणि शेजारून अगदी स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात शब्द आला: "थांब."

ती थांबली. भर चौकात. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला, एक स्कूटरवाला खिडकीत तोंड घालून काहीतरी बोलून गेला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ अजून त्या शब्दाच्या आकाराचे होते. मग तिच्या ध्यानात आलं की हा शब्द आत्ताचा नव्हता. तो भिंतीचा होता. तिथून निघाला तो आत्ता येऊन पोचला होता. तिला हसू आलं, आणि त्यातच गाडी पुन्हा बंद पडली.

तीस वर्षांपूर्वी यानंच तिला शिकवायला घेतलं होतं. गोदामांच्या मागच्या मोकळ्या पटांगणात, तीन दिवस. पहिल्या दिवशी तो समजावून सांगत होता, दुसऱ्या दिवशी मोठ्यानं समजावून सांगत होता, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुला गाडी चालवायची नाहीये, हाकलायची आहे." गोदामांमधल्या गल्लीतच ती दार आपटून उतरली आणि उलट्या दिशेनं घराकडे चालू लागली. गल्ली अरुंद होती, गाडी वळवायला जागा नाही. तेव्हा हा सगळी गल्ली रिव्हर्समध्ये तिच्या शेजारून आला. एक हात चाकावर, दुसरा कोपर खिडकीबाहेर, आणि नजर मागे नाही, आरशात नाही, तिच्याकडे. "बस की आता. बस. लोक बघतायत." माफी वगैरे नाही. माफी मागणं त्याच्या हत्यारांच्या पेटीतच नव्हतं. गल्लीत खोके होते, सायकली होत्या, कुणाचीतरी झोपलेली कुत्री होती, आणि गाडी त्या सगळ्यांतून उलटी, पाण्यातून यावी तशी येत होती. ती रागात होती तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून तेच बघत होती. गल्लीच्या टोकाला ती बसली. पण चाकाला पुन्हा हात लावला नाही. मुलगी झाली, मुलगी मोठी झाली, लग्न होऊन लांब गेली. ही घरी पडदे शिवत राहिली, दुकानांचे, दवाखान्यांचे, मोठ्या हॉटेलांचे, आणि जिथे जायचं तिथे तो सोडायचा आणि तोच आणायचा. त्याला असं झाल्यावर मुलगी फोनवर म्हणाली, "आई, ड्रायव्हर ठेव." आठवड्यातून तीन दिवस व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं, ड्रायव्हर आला तर आला, नाही तर नाही, म्हणून ठेवलाच नाही; रिक्षा करायची आणि गाडी दारातच उभी असायची. चौपन्नाव्या वर्षी तिनं ड्रायव्हिंगच्या शाळेत नाव घातलं. वर्गात बाकी सगळी कॉलेजातली मुलं. मुलं तिला मावशी म्हणायची आणि ती पास झाली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तिनं त्याला परवाना दाखवला. त्यानं तो डाव्या हातात घेतला, फोटो बघितला, उलटा करून मागची बाजू बघितली आणि म्हणाला, "नाही, नाही, नाही," आणि रडला. तो 'हो' होता असं तिनं धरून चालायचं ठरवलं होतं.

एक गोष्ट मात्र तिनं कुणालाच सांगितली नव्हती. ही गाडी तिच्या हातात सरळ जात नसे. रस्ता सरळ, चाक सरळ, तरी गाडी हळूहळू डावीकडे सरकायची, झोपेत अंथरुणाच्या कडेला सरकणाऱ्या माणसासारखी. सरळ जायचं तर चाक सतत थोडं उजवीकडे धरून ठेवावं लागायचं. खांदा भरून यायचा. शाळेची गाडी अशी जात नव्हती. पण शाळेच्या गाडीत शेजारी बाई असायच्या, त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक, त्यांचा एक हात केव्हाही चाकावर. तेव्हा ती गाडी बाईंमुळेच सरळ जात असणार. दोष आपल्या हातात आहे हे तिला पहिल्या दिवसापासून पटलेलं होतं. शिवताना कापड एकीकडे ओढायला लागलं तर ती मशीनला दोष देत नसे. आपलाच हात जड पडतोय म्हणायची आणि तो हलका करायची. इथेही ती हात हलका करून बघायची, घट्ट करून बघायची. त्याला मात्र ते कळत होतं. सरळ रस्ता लागला की त्याचा डावा हात मांडीवरून उठायचा, हवेत उजवीकडे ढकलल्यासारखा करायचा, आणि घशातून आवाज यायचे. एकदा घरी तिनं त्याला समोर बसवून विचारलं होतं. "चाकात हवा कमी आहे का?" "हो." "म्हणजे हवा बरोबर आहे?" "हो, हो." "माझा हात वाकडा आहे?" यावर त्यानं टेबलावर हात आपटला, पुन्हा आपटला, चेहरा लाल झाला, आणि तिनं घाबरून विषय सोडला. त्याच्या डोक्यात उत्तर होतं. सगळं नीट लावून ठेवलेलं होतं, पाने पान्यांच्या जागी. कुलूप तेवढं तोंडाला होतं.

आज व्यायामाच्या बाई त्याचा उजवा हात वर-खाली करत असताना ती बाकावर बसून त्या ओरखड्याचाच विचार करत होती, आणि परतताना तिला वाटलं की ओढ वाढली आहे. वाढली होती की नाही देव जाणे. पण आता भिंतीला धडकून आपण याची गाडी मोडली, ही खात्री तिच्या मनात बसली. आठ महिन्यांत ती गॅरेजकडे फिरकली नव्हती. त्याला तिथे अशा अवस्थेत न्यायचं तिच्या जिवावर यायचं. आज मात्र चाक आपसूक तिकडे वळलं.

भागीदार पुढे आला, हात पुसत. हा त्याचा वीस वर्षांचा भागीदार, उंच, थोडा वाकलेला, बोलताना समोरच्याच्या गाडीकडे बघणारा. "वहिनी! आणि उस्ताद! या, या!" 'उस्ताद' तो जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. दोघांनी मिळून उस्तादला उतरवून खुर्चीवर बसवलं, गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्याच्या कडेला, सगळं दिसेल असं. ती सांगू लागली की सकाळी मागे घेताना भिंतीला लागली आणि तेव्हापासून गाडी डावीकडे ओढते. म्हणजे आधीही ओढायची, पण ते माझ्या हातानं, आता मात्र—

"मागून लागलेल्या धक्क्यानं पुढचं चाक ओढत नाही, वहिनी," भागीदार म्हणाला. "दोन्हींचा काही संबंध नाही. बघू."

आणि तो बघू लागला, आणि ती त्याच्या बघण्यात दुसऱ्याच माणसाचं बघणं ओळखत राहिली. तो बोलत होता तिच्याशी, पण उस्तादला ऐकू जाईल असं, परीक्षेला बसल्यासारखा. आधी हवा. चारही चाकांत सारखी. मग पुढची दोन चाकं काढून डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. "ओढ बाजू बदलली तर टायर खराब. नाही बदलली तर आत बघायचं." गाडी घेऊन गेला, पाच मिनिटांत आला. "डावीकडेच आहे. नुसता ब्रेक दाबल्यावर वाढत नाही, म्हणजे ब्रेकचं नाही. आणि सरळ जाताना स्टिअरिंग तिरकं राहतंय. तुम्हाला दिसलं नाही?" तिला दिसलं होतं. ते तसंच असतं असं तिला वाटलं होतं. मग गाडी खड्ड्यावर चढली. भागीदार दिवा घेऊन खाली गेला आणि बराच वेळ आला नाही.

"वहिनी," खालून आवाज आला, "तुमचा हात चांगला आहे. टाय रॉड वाकलाय, पुढचं चाक वळवणारा दांडा."

तिला आधी नुसतं हलकं वाटलं. पाच आठवडे खांद्यावर बसलेलं काहीतरी उठून गेलं. तुमचा हात चांगला आहे. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, हसून, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता. तो खड्ड्याकडे बघत होता. भागीदार वर आला. आता उजवीकडून उतरवलेलं, मूळचं डाव्या बाजूचं चाक त्यानं आडवं केलं, वरची झाकणी काढली. रिमची कड एका जागी आत चेपलेली होती, आणि चेपलेल्या जागी गंज धरला होता, लाल, जाड. घडीत पिवळ्या रंगाचा एक टवका अडकला होता. "फुटपाथच्या कठड्यावर चढलीय. जोरात. हे तुमचं नाही, वहिनी, हा मार जुना आहे. सात-आठ महिने सहज." मग तो स्वतःशीच हिशेब करावा तसा बोलत राहिला. "पण ही गाडी तर उस्तादांनी स्वतः सरळ करून घेतली होती. झटका आला त्याच सकाळी. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणाले, चल आज आपलीच करू. मी शेजारी होतो. दोरीत होती अगदी. साडेबाराला घेऊन घरी गेले. त्यानंतर तर कुणी..." तो थांबला. त्याच्या हातातला दिवा अजून चालूच होता, दिवसाउजेडी. "म्हणजे रस्त्यातच त्यांना—" आणि मग वाक्य टाकून तो पाना शोधायला लागला. पाना त्याच्या खिशातच होता.

ती उभी होती. शेजारी कुणीतरी चाकाला हातोडीनं ठोकत होतं आणि प्रत्येक ठोक्याला तिच्या पायाखालची फरशी थरथरत होती. त्या दिवशी दोन दिवसांचा अबोला होता. मुलीच्या सासरची माणसं आली होती, बोलता बोलता ही म्हणाली, मला आता गाडी शिकायची आहे, आणि तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ही शिकली तर मला गॅरेज दुप्पट करावं लागेल." सगळे हसले. मग दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊणच्या सुमाराला दार वाजलं. ती मशीनवर होती, हॉटेलचे पडदे, चाळीस मीटर अस्तर मांडीवरून जमिनीवर लोळत होतं. किल्ल्या खाली पडल्याचा आवाज आला. तो दारात येऊन उभा राहिला, चौकटीला टेकून, आणि म्हणाला, "गाडी डावीकडे ओढतेय गं." जिभेवर काहीतरी ठेवून बोलावं तसा. तिला वाटलं, बोलायला निमित्त काढलंय. दोन दिवसांनी तोंड उघडलं तेही गाडीसाठी. तिनं पायाची गती कमी न करता म्हटलं, "मग एखाद्या चांगल्या उस्तादाला दाखवा." आणि मग मात्र तिनं वर पाहिलं होतं, एकदाच, टोला बसला का ते बघायला. तो हसत होता. अर्ध्या तोंडानं. तिला ते कुत्सित वाटलं. तो आत जाऊन आडवा झाला. तिनं उठून खोलीचं दार लावून घेतलं, मशीनचा आवाज त्याला नको म्हणून नव्हे. त्याचं घोरणं तिला नको होतं म्हणून. आणि तो घोरत होता खरा, नेहमीपेक्षा मोठ्यानं. पाच वाजता ती चहा घेऊन आत गेली.

डॉक्टरांनी विचारलं होतं, शेवटचे चांगले केव्हा होते? ती म्हणाली, झोपताना चांगले होते. डॉक्टर म्हणाले, पहिल्या काही तासांत आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं, पण झोपेतच झालं, तुम्हाला कळणार तरी कसं. हे वाक्य तिनं मुलीला सांगितलं, बहिणीला सांगितलं, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. झोपेतच झालं. सांगून सांगून ते इस्त्रीच्या घडीसारखं गुळगुळीत झालं होतं, आणि रात्री ती त्यावर डोकं ठेवून झोपतही होती. दारातलं ते वाक्य तिला आठवत नव्हतं असं नाही. ते गाडीबद्दल आहे असं तिनं मानलं होतं, इतकंच. त्याचं ते शेवटचं सबंध वाक्य होतं. त्याच्याजवळ दुसरे शब्द नव्हते. तो अंगाचं जे काही बोलायचा ते गाडीचंच करून बोलायचा, ताप आला की इंजिन तापलंय म्हणायचा, आणि ती पस्तीस वर्षं त्याचा अर्थ लावत आली होती. त्या दिवशीच तेवढा लावला नाही.

भागीदारानं नवा रॉड घातला, मोजमाप केलं, पट्ट्या लावून आकडे बघितले. वाकलेला जुना रॉड त्यानं बाजूला टाकला, तो उस्तादनं खुणेनं मागून घेतला. डाव्या हातात धरून अंगठा त्याच्या लांबीवरून फिरवत नेला, वाक आला तिथे थांबवला. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग होता का, हे तिला शोधता येईना. विचारावं, तर आसपास चार माणसं होती. भागीदारानं त्याला गाडीत बसवून दिलं, पट्टा लावला. "आता बघा, लोण्यासारखी जाईल," तो म्हणाला. आणि खिडकीत वाकून, पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघत, हळू आवाजात, "वहिनी, तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका. आम्हीही त्यांना हसत हसत निरोप दिला होता."

गाडी सरळ होती. पण तिचा खांदा नव्हता. पाच आठवडे उजवीकडे दाबून धरायची सवय झालेला हात तसाच दाबत राहिला, आणि मोठ्या रस्त्याला लागल्या लागल्या गाडी उजवीकडे जायला लागली, मधली रेषा चाकाखाली आली, समोरून बस आली, बसचा हॉर्न आला. तिनं डावीकडे ओढलं, फार ओढलं, पुन्हा उजवीकडे. हात सैल सोड म्हणून ती हाताला सांगत होती आणि हात ऐकत नव्हता. शेवटी एका कारखान्याच्या लांबच लांब भिंतीला धरून तिनं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. काचेतून ऊन आत येत होतं. रस्ता वाहत होता.

"अहो," ती समोर बघतच म्हणाली. समोर बघत बोलणं सोपं होतं. "त्या दिवशी तुम्ही मला सांगत होतात. मला ऐकू आलं होतं. ऐकू आलं नाही असं नाही. मी वर बघितलं तेव्हा तुमचं तोंड वाकडं होतं, मला वाटलं तुम्ही हसताय. मला राग आला होता. चार तास मी बाहेर पडदे शिवत होते. मध्ये एकदा दाराशी आले होते, हात कडीला लावला होता. तुमचं घोरणं ऐकलं आणि म्हटलं, झोपू दे, उठले की पुन्हा तोंड बघावं लागेल. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरांना मी म्हटलं झोपताना चांगले होते. तुम्ही तेव्हा खाटेवर होतात, तुम्ही ऐकलं असेल. तुम्हाला सगळं कळत होतं ना? आठ महिने तुम्हाला माहीत आहे, आणि मला आज." तिला वाटलं होतं, बोलल्यावर रडू येईल. आलं नाही. "हो म्हणा नाही तर नाही म्हणा. मला कळणार नाही काय ते, तरी म्हणा."

तिनं वळून पाहिलं. त्याची मान काचेकडे कलली होती, तोंड किंचित उघडं, डोळे मिटलेले. व्यायामानं दमला होता. परतताना रोजच झोपायचा. केव्हा झोपला, कितव्या शब्दाला, कळायला मार्ग नव्हता. ती बघत राहिली. श्वास येत होता. मग एक श्वास जरा लांबला, घशात अडकल्यासारखा वाजला. "अहो! अहो!" तिनं त्याचा दंड धरून गदागदा हलवला, पट्ट्यासकट हलवला. "उठा! डोळे उघडा! माझ्याकडे बघा! हसा बघू. हसा! दोन्हीकडून हसा!"

तो दचकून जागा झाला. घाबरला, मग चिडला, आणि डाव्या हातानं त्यानं तिच्या मनगटावर सणसणीत फटका मारला. बांगडी काचेवर आपटली. दोघंही धापा टाकत होते. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नीट, शोधत, एखादा आवाज कुठून येतोय ते ऐकताना तो बघायचा तसं, आणि त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू उतरली.

"काही नाही," ती म्हणाली. "काही नाही झालं. झोपा तुम्ही."

पण त्यानं डोळे मिटले नाहीत. ती गाडी कधी सुरू करते म्हणून तो तिच्याकडे बघत होता, आणि तो झोपत का नाही म्हणून ती त्याच्याकडे. शेजारून एकामागून एक ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर त्यांची गाडी जागच्या जागी थोडी हलत होती.